कौल विचारणारे आणि कौल देणारे

मराठी माणसाला ‘कौल’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक देवळात आणि दुसरा निवडणुकीत. कोकणात आणि गोव्यात अजूनही देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे जण श्वास रोखून वाट पाहतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. निवडणुकीत मात्र देवाच्या जागी मतदार असतो. ‘मतदारांचा कौल कुणाला?’ हा मथळा आपण इतक्यांदा वाचलेला असतो, की तो शब्द मुळात कुठून आला हे आपल्या मनातही येत नाही.

हा शब्द अरबी आहे. ‘कौल’ म्हणजे बोललेला शब्द, दिलेलं वचन. कव्वाली हा शब्दही त्याच घराण्यातला. आपल्याकडे राजे-सरदार रयतेला अभयाचा ‘कौलनामा’ लिहून देत. म्हणजे कौल ही दोघांमधली गोष्ट आहे. एक विचारणारा, एक देणारा. देणाऱ्याला देताना भीती नसावी आणि घेणाऱ्याने दिलेल्या शब्दाशी प्रामाणिक राहावं, तरच कौलाला अर्थ. आजकाल निवडणुकीआधी ज्या मतचाचण्या होतात, त्यांच्याबद्दल मला याच बाजूने बोलायचं आहे. मी संख्याशास्त्रज्ञ नाही. बी.ए. झालो आणि आयुष्यभर कविता लिहिली. पण मतचाचणी हा जितका आकड्यांचा उद्योग आहे, तितकाच तो प्रश्नाचा आणि उत्तराचा, म्हणजे भाषेचा उद्योग आहे.

आधी आकड्यांचं बघू. पुष्कळांची शंका असते, की हजार-दोन हजार लोकांना विचारून कोट्यवधी मतदारांचं मन कसं कळणार? ‘आम्हाला तर कधीच कुणी विचारलं नाही!’ असंही लोक म्हणतात. याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. शितावरून भाताची परीक्षा. भात झाला की नाही हे बघायला कुणी पातेलंभर भात खाऊन बघत नाही. एक शीत बोटांनी चेपलं की पुरतं. पातेलं लहान असो की लग्नघरातला हंडा असो, शीत तेवढंच लागतं. नमुना पाहणीचं गणित हेच सांगतं. हजार माणसं योग्य रीतीने निवडली तर येणारी टक्केवारी साधारण तीन टक्के इकडे किंवा तिकडे असते. चार हजार निवडली तर ही चूक दीड टक्क्यावर येते. लोकसंख्या एक कोटी असो की शंभर कोटी, या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

पण भाताची ही म्हण एका अटीवर खरी आहे. सगळा भात सारखा शिजत असला पाहिजे. आपला समाज असा साधा भात नाही, तो बिर्याणीसारखा आहे, थरांथरांचा. वर केशराचा भात, मध्ये तळलेला कांदा, तळाला मसाला. वरचा घास घेऊन तुम्ही म्हणालात, ‘तिखट अजिबात नाही हो!’, तर तळाचा थर खाणारा तुम्हाला हसेल. म्हणून डाव तळापर्यंत घालावा लागतो. शहर-खेडं, स्त्री-पुरुष, जात, धर्म, वय, शेतकरी, नोकरदार, मजूर या प्रत्येक थरातून माणसं यावी लागतात. खरं कौशल्य किती जणांना विचारलं यात नसून कुणाला विचारलं यात आहे.

याचा धडा अमेरिकेत १९३६ साली मिळाला. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाचं एक प्रसिद्ध साप्ताहिक होतं. त्याने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवून विचारलं, की अध्यक्ष कोण व्हावा? तेवीस-चोवीस लाख उत्तरं आली. इतकी उत्तरं आजही क्वचितच कुणाला मिळतात. साप्ताहिकाने जाहीर केलं, की रिपब्लिकन पक्षाचे आल्फ्रेड लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप या तरुण माणसाने त्या मानाने मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकतील असं सांगितलं होतं. साप्ताहिकाचं चुकलं कुठे? त्यांनी पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात टेलिफोन आणि मोटार असलेला माणूस म्हणजे बिर्याणीचा वरचा थर. शिवाय ज्यांना पत्रं गेली त्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच लोकांनी उत्तर दिलं. उत्तर देणारे आणि न देणारे एकाच मनाचे असतील असं धरून चालणं हीच मोठी चूक होती. पुढे दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

आपल्याकडे हा विषय १९५०च्या दशकात आला. अर्थतज्ज्ञ एरिक दा कोस्टा यांनी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ ही संस्था काढून जनमताच्या पाहण्या सुरू केल्या. १९६३ साली रजनी कोठारी यांनी दिल्लीत विकासशील समाज अध्ययन पीठाची, म्हणजे ‘सीएसडीएस’ची स्थापना केली आणि १९६७च्या निवडणुकीत या संस्थेने देशव्यापी अभ्यास केला. कोण जिंकणार यापेक्षा मतदार असं मत का देतो, हे समजून घेणं हा त्यांचा हेतू होता. या संस्थेच्या ‘लोकनीती’ विभागाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी मतदारसंघ, मग त्यातली मतदान केंद्रं आणि मग त्या केंद्राच्या मतदार यादीतली नावं ठरावीक अंतराने निवडली जातात. पाहणी करणाऱ्याने त्याच माणसाच्या घरी जायचं. चौकात जो भेटेल त्याला विचारून काम उरकायचं नाही. यादीत वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीचं नाव आलं, तर तिच्याच दारात जायचं.

इथवर मतांची टक्केवारी मिळाली. पण आपल्याला हव्या असतात जागा, आणि टक्केवारीवरून जागा काढणं हे आपल्या देशात अवघड गणित आहे. १९८०च्या दशकात प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी डेव्हिड बटलर यांच्यासोबत भारतीय निवडणुकांचे जुने आकडे गोळा करून हे गणित मांडलं. कुठल्या पक्षाची मतं किती टक्के सरकली एवढं पाहून भागत नाही. विरोधक एक आहेत की विखुरलेले, हेही पाहावं लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं. लांब कशाला, आपलं महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांमधला फरक एक टक्क्याहूनही कमी होता. जागा मात्र ३० आणि १७. म्हणजे एखाद्या चाचणीने मतांचे आकडे अगदी अचूक सांगितले असते, तरी जागा सांगताना ती तोंडावर पडू शकली असती. त्याच निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. एका इमारतीतल्या लोकांनी त्या दिवशी काय केलं, यावर खासदार ठरला म्हणा ना! हे कुठली चाचणी सांगणार?

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. नमुना उत्तम निवडला, गणितही बरोबर केलं, तरी सगळा डोलारा शेवटी एका क्षणावर उभा असतो. एक अनोळखी माणूस दारात येतो आणि विचारतो, ‘तुम्ही मत कुणाला देणार?’ त्या क्षणी दोन माणसांमध्ये काय घडतं?

मागे एका निवडणुकीच्या आधी आमच्या गल्लीत असं सर्वेक्षण आलं होतं. कॉलेजात शिकणारी मुलगी होती. उन्हाने चेहरा लाल झालेला, हातात टॅब. ‘नमस्कार काका, पाच मिनिटं आहेत का? निवडणुकीचा सर्व्हे करतेय,’ असं तिने स्वच्छ मराठीत विचारलं. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. तिने नाव विचारलं. मी सांगितलं. त्याबरोबर तिची भाषा बदलली. ‘अच्छा चाचा, तो आप बताइए...’ मी म्हटलं, ‘अगं बाळा, काकाच म्हण. मी मराठीत कविता लिहितो, तू मराठीतच विचार.’ ती ओशाळून हसली. मुलगी गुणी होती, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मला सोपं जावं म्हणूनच तिने हिंदी काढली असणार. पण पुढचा प्रश्न आला, ‘तुमच्या समाजाचा कल कुणाकडे आहे?’ शेजारच्या देशपांड्यांना तिने हा प्रश्न विचारला होता का, ते मला ठाऊक नाही. मला मात्र माझं मत सांगायच्या आधी समाजाचं मत विचारलं गेलं. मग ती म्हणाली, ‘काकूंचं मत पण तुम्हीच सांगा ना, म्हणजे लवकर होईल.’ आतून माझ्या बायकोचा आवाज आला, ‘माझं मत यांना कळलं असतं, तर यांनी आणखी दोन संग्रह लिहिले असते!’

हसण्यावारी नेलं तरी या पाच मिनिटांत मतचाचणीचे बहुतेक सगळे धोके आले. विचारणाऱ्याने समोरच्याचं नाव ऐकून मनाशी काही ठरवणं, प्रश्नाच्या शब्दांनी उत्तराला दिशा देणं आणि घरातल्या बाईचं मत पुरुषाच्या तोंडून टिपून घेणं.

प्रश्नाचे शब्द उत्तर बदलतात, हे १९४०च्या सुमारास अमेरिकेत तपासलं गेलं. काही लोकांना विचारलं, ‘लोकशाहीविरुद्धच्या भाषणांना मनाई करावी का?’ दुसऱ्या काहींना विचारलं, ‘अशा भाषणांना परवानगी द्यावी का?’ अर्थ एकच. पण ‘मनाई करा’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘परवानगी देऊ नका’ म्हणणारे कितीतरी अधिक निघाले. ‘मनाई’ हा शब्द कानाला कठोर लागतो, म्हणून माणूस कचरतो. कवीला यात नवल वाटणार नाही. एक शब्द बदलला की ओळीचा जीव बदलतो, हे आम्ही रोज अनुभवतो.

आणि समोर कोण आहे हे पाहूनही उत्तर बदलतं. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली उभे होते. चाचण्यांमध्ये ते पुढे होते, प्रत्यक्षात थोडक्यात हरले. तेव्हापासून ‘आपण वर्णद्वेषी दिसू नये म्हणून लोक चाचणीत वेगळं सांगतात का?’ यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. ब्रिटनमध्ये १९९२ साली चाचण्या मजूर पक्षाच्या बाजूला झुकल्या होत्या आणि जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष चांगला सात-आठ टक्क्यांनी पुढे निघाला. आपल्या मताची लाज वाटणारा मतदार असतो. आपल्या मताची भीती वाटणारा मतदारही असतो. आपल्याकडे हा दुसरा जास्त आहे.

भीती का वाटते? गावात सरपंच, सोसायटीचा चेअरमन, पाणी सोडणारा, घरकुलाच्या यादीत नाव घालणारा, सगळे कुठल्या ना कुठल्या पक्षाचे असतात. दारात आलेला माणूस खरंच सर्वेक्षणाचा आहे की कुणी पाठवलेला, हे कळायला मार्ग नसतो. मतमोजणीनंतर केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, म्हणजे कुठल्या वस्तीने काय केलं हे तसंही उघड असतं. मग माणूस मधला मार्ग काढतो. ज्याची हवा आहे त्याचं नाव सांगतो. किंवा म्हणतो, ‘बघू, अजून ठरवलं नाही.’ हे खोटं बोलणं नव्हे, हे सांभाळून राहणं आहे. म्हणूनच ‘लोकनीती’च्या पाहण्यांमध्ये मताचा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. नकली मतपत्रिका देतात, ती मतदाराने आपल्या हाताने खूण करून पेटीत टाकायची. विचारणाऱ्यालाही उत्तर दिसत नाही. एवढ्या साध्या पेटीने माणसाला किती धीर येतो! कौल देणाऱ्याचा मान राखण्याची ही रीत आहे.

‘तुमच्या समाजाचा कल’ या प्रश्नाकडे मी पुन्हा येतो, कारण त्यात गणिताचीही गोम आहे. निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवर तक्ते दिसतात. अमुक समाजाची ८० टक्के मतं याला, तमुक समाजाची ६० टक्के त्याला. समजा महाराष्ट्रात हजार जणांची चाचणी झाली. २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के. म्हणजे नमुन्यात साधारण ११५ माणसं येतील. हजारांवर तीन टक्के असलेली चूक ११५ माणसांवर नऊ टक्के होते. म्हणजे तक्त्यातले ६० हे ५१ही असू शकतात आणि ६९ही. आणि या ११५ मध्ये कोकणातला मच्छीमार, मालेगावचा यंत्रमागवाला, मराठवाड्यातली ऊस तोडणारी बाई, सांगली-मिरजेकडचा तांबोळी किंवा बागवान, पुण्यातला संगणक अभियंता असे सगळे कोंबायचे! जे मुसलमानांचं, तेच धनगरांचं, आदिवासींचं, ख्रिस्ती लोकांचं. लहान समाजाचं मन सांगायचं तर त्या समाजातली पुरेशी माणसं वेगळी निवडून विचारावं लागतं. ते खर्चाचं काम आहे. त्याऐवजी चार आकडे दाखवून मोकळं होणं सोपं. पण त्या चार आकड्यांवरून उद्या गल्लीत, कचेरीत, चहाच्या टपरीवर आमच्याकडे बघण्याची नजर ठरते. आकडा टीव्हीवरून पुसला जातो, नजर राहते.

आतापर्यंत बोललो ते वर्तमानपत्रं, वाहिन्या आणि अभ्यासक यांच्या चाचण्यांबद्दल. पण सर्वाधिक चाचण्या आपल्याला दिसतच नाहीत. त्या पक्ष आणि उमेदवार स्वतःसाठी करवून घेतात. अमेरिकेत १९६० साली जॉन केनेडी यांनी लुई हॅरिस या जनमत-तज्ज्ञाला प्रचाराच्या कामाला लावलं, तेव्हापासून हा प्रचाराचा भागच झाला. आपल्याकडे २०१४ नंतर प्रशांत किशोर यांच्यासारख्या रणनीतिकारांमुळे सर्वसामान्य वाचकालाही हा धंदा माहीत झाला.

या चाचणीचा हेतू वेगळा असतो. वर्तमानपत्र विचारतं, ‘मत कुणाला?’ प्रचारवाला विचारतो, ‘मत कशाने फिरेल?’ तो विद्यमान आमदाराबद्दलची नाराजी मोजतो. तिकीट कुणाला द्यावं, ते बघतो. रस्ता, नोकरी, कांद्याचा भाव, आरक्षण, की धर्म, यांतल्या कुठल्या विषयावर मतदार हलतो ते तपासतो. तीन घोषणा वाचून दाखवतो आणि कुठली मनात राहिली ते विचारतो. यात गैर काही नाही. लोकांना काय हवं हे पुढाऱ्याने विचारलंच पाहिजे. नाराजीचा आकडा पाहून एखादा आमदार गावात यायला लागला, तर ते बरंच आहे. २०२४च्या जागावाटपात महाराष्ट्रात ‘आमचा सर्व्हे असं सांगतो’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं! पण असा सर्व्हे बाहेर कुणी पाहिलेला नसतो. तो दाखवायचा की दडवायचा, अर्धा दाखवायचा की पूर्ण, हे ज्याने पैसे दिले तो ठरवतो. अंदाज म्हणून सोयीचा तेवढा भाग ‘फुटला’, की तो प्रचार होतो.

आणि काही वेळा सर्व्हे हा नुसताच मुखवटा असतो. प्रश्नाच्या रूपाने आरोप पेरायचा, ‘अमक्या उमेदवारावर पैसे खाल्ल्याचा आरोप आहे हे कळल्यावर तुम्ही त्याला मत द्याल का?’ असं विचारायचं. इथे उत्तर कुणालाच नको असतं, प्रश्न कानावर पडला की काम झालं. दुसरा मुखवटा म्हणजे माहिती गोळा करण्याचा. २ मे २०२४ रोजी निवडणूक आयोगाने सर्व पक्षांना बजावलं, की सर्वेक्षणाच्या नावाखाली मतदारांची निवडणुकीनंतरच्या लाभाच्या योजनांसाठी नोंदणी करणं ताबडतोब थांबवा. अशा अर्जांमध्ये नाव, मोबाइल, मतदान केंद्र सगळं मागितलं जात होतं. जनमत जाणायला एवढ्याची गरज काय? ज्याला तुमचं मत नावानिशी साठवून ठेवायचं आहे, तो कौल घेत नाही, खातं उघडतो.

चाचण्या चुकतात हे तर आपण पाहतोच. २००४ साली ‘इंडिया शायनिंग’च्या लाटेवर बहुतेकांनी वाजपेयी सरकार परत येणार असं सांगितलं. निकालात काँग्रेस १४५ आणि भाजप १३८ जागांवर आले, सरकार गेलं. १ जून २०२४ला मतदानोत्तर चाचण्यांनी, म्हणजे एक्झिट पोलनी, राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर, काहींनी तर चारशेही जागा दिल्या. मिळाल्या २९३. त्या चाचण्यांवर ३ जूनला शेअर बाजाराचा सेन्सेक्स सुमारे अडीच हजार अंकांनी उसळला आणि ४ जूनला मोजणीच्या दिवशी जवळजवळ ४,४०० अंकांनी कोसळला. चुकीच्या आकड्याची किंमत कुणीतरी रोख मोजली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हरियाणात काँग्रेस येणार असं सांगितलं, आला भाजप. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात महायुती पुढे आहे हे अनेकांनी ओळखलं, पण २८८ पैकी २३० जागांचा अंदाज क्वचितच कुणाला आला. म्हणजे चूक एकाच बाजूला होते असंही नाही.

कायद्याने थोडं कुंपण घातलं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९च्या दुरुस्तीने १२६अ हे कलम आलं. पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी जाहीर करता येत नाही. केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत वाहिन्यांवर मतचाचण्यांचे निष्कर्ष दाखवायलाही बंदी आहे. पण चाचणी कशी केली, कुणाच्या पैशाने केली हे उघड करण्याची सक्ती नीटशी नाही. विधी आयोगाने २०१५च्या २५५व्या अहवालात तशी शिफारस केली होती. २०१४च्या फेब्रुवारीत एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने काही सर्वेक्षण कंपन्यांची माणसं आकडे वाकवायला तयार असल्याचं दाखवलं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे ती शिफारस का महत्त्वाची ते कळतं.

मग आपण, साध्या वाचकांनी, काय करायचं? चाचण्यांवर बंदी मागण्यात अर्थ नाही. त्या नसतील तर ‘हवा’ पुढारी आणि त्यांचे भाट सांगतील, आणि ते अधिक वाईट. आकडा समोर आला की पाच गोष्टी विचाराव्यात. चाचणी कुणी केली आणि पैसे कुणी दिले? किती जणांना विचारलं आणि त्यांना निवडलं कसं? कोणत्या तारखांना विचारलं? प्रश्नाचे नेमके शब्द काय होते? आणि मतांची टक्केवारी दिली आहे, की नुसत्याच जागा? या पाचांपैकी तीन उत्तरं मिळाली नाहीत, तर तो आकडा करमणूक म्हणून पाहावा आणि झोपावं.

आणि दारात कुणी विचारायला आलं तर? मनात असेल तर जरूर सांगावं. प्रामाणिक पाहणीला दिलेलं प्रामाणिक उत्तर हे लोकशाहीचंच काम आहे. आपण उत्तर दिलं नाही तर आपल्या थरातला घास पानात येणारच नाही. पण त्याआधी हक्काने विचारावं, ‘तुम्ही कुणाकडून आलात? माझं नाव-नंबर कशाला हवा?’ घरातल्या बाईला स्वतःचं उत्तर स्वतः देऊ द्यावं. आणि सांगायचं नसेल तर ‘नाही सांगणार’ म्हणावं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ सांगतं, की तुम्ही मत कुणाला दिलं हे सांगायला साक्षीदार म्हणूनही कुणी तुम्हाला भाग पाडू शकत नाही. जिथे न्यायालयही विचारू शकत नाही, तिथे गल्लीतल्या दादाला घाबरण्याचं कारण नाही.

पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे, यंत्रासमोर आपण एकटे उभे राहतो. तिथे समाजाचा कल नसतो, घरच्या कर्त्याचा हुकूम नसतो, टीव्हीचा तक्ता नसतो. तिथे आपण दिलेला शब्द हाच खरा कौल. बाकीच्यांनी तो ओळखायचा प्रयत्न खुशाल करावा. आपल्या वतीने देऊ मात्र नये.